पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि अध्यापनधर्म

घटकाची उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• पंडिता रमाबाईंच्या जीवनातील प्रमुख टप्पे कालक्रमाने सांगता येतील.
• त्यांची ख्रिस्ती श्रद्धा आणि त्यांचे अध्यापनकार्य यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
• शारदा सदनासंबंधी १८९३ मध्ये झालेल्या वादाच्या दोन्ही बाजू मांडता येतील.
• त्यांच्या बायबल भाषांतरामागील भाषाविषयक भूमिका समजून घेता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, पंडिता रमाबाईंचे नाव आपण यापूर्वी निश्चितच ऐकले असेल. संस्कृत विदुषी, समाजसुधारक, प्रवासवर्णनकार, अनाथ व विधवा स्त्रियांच्या आश्रयदात्या अशा अनेक नात्यांनी त्यांची ओळख करून दिली जाते. या घटकात आपण त्यांच्या चरित्राकडे एका विशिष्ट प्रश्नाच्या अनुषंगाने पाहणार आहोत. रमाबाई श्रद्धावान ख्रिस्ती होत्या आणि आयुष्यभर शिक्षिका होत्या. या दोन गोष्टींचे परस्परांशी नाते कोणते होते, हा तो प्रश्न होय.

प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. श्रद्धेमुळे शिक्षकाला कष्ट उपसण्याचे बळ मिळते, उपेक्षितांकडे पाहण्याची दृष्टी मिळते. परंतु शिक्षकाच्या हाती विद्यार्थ्याचे मनही असते. ज्या विद्यार्थिनीला अन्न, वस्त्र, निवारा आणि अक्षर ही चारही एकाच हातून मिळतात, तिला त्या हाताला नकार देणे किती शक्य असते? रमाबाईंना या प्रश्नाचा सामना दोन्ही बाजूंनी करावा लागला. प्रथम विद्यार्थिनी म्हणून त्यांनी आपल्या गुरुजनांना नकार दिला. पुढे शिक्षिका म्हणून त्यांच्यावरच विद्यार्थिनींच्या श्रद्धेत हस्तक्षेप केल्याचा आरोप झाला.

आपल्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहात. रमाबाईंच्या आई विवाहानंतर शिकल्या. स्वतः रमाबाई वयाच्या पंचविशीपर्यंत कोणत्याही शाळेत विद्यार्थिनी म्हणून बसल्या नव्हत्या. त्यांच्याकडे आलेल्या कित्येक स्त्रियांनी बालपण सरल्यावर पाटी हाती घेतली. उशिरा सुरू झालेल्या शिक्षणाचे मोल काय असते, हे या चरित्रातून वेगळे सांगावे लागत नाही.

२. वनातील पाठशाळा

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ या अरण्यस्थानी झाला. हा भाग आज कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण आणि व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. पुण्यात विद्यार्जन करीत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात, ही गोष्ट त्यांच्या मनात ठसली होती. स्त्रीही शास्त्राभ्यास करू शकते, या विचाराची बीजे तेथे पडली. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविण्यास आरंभ केला. आप्तेष्टांना आणि धर्मज्ञ मंडळींना हे रुचले नाही. उडुपीच्या पंडितसभेपुढे त्यांना आपली बाजू शास्त्राधाराने मांडावी लागली. अखेर वस्तीपासून दूर अरण्यात घर बांधून त्यांनी तेथे पाठशाळा चालविली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अनंतशास्त्री परंपरानिष्ठ होते. स्त्रियांनी काव्य, पुराणे, व्याकरण शिकावे, परंतु वेद शिकू नयेत, अशी त्यांची मर्यादा होती. पुढे रमाबाईंनी ही मर्यादाही ओलांडली. पण शिकविणे हे धर्मकृत्य आहे आणि त्यासाठी लोकनिंदा सोसावी लागली तरी हरकत नाही, हा संस्कार त्यांना या परंपरानिष्ठ घरातच मिळाला. त्यांच्या अध्यापनवृत्तीचे मूळ शोधताना केवळ नंतरच्या ख्रिस्ती काळाकडे पाहणे म्हणूनच अपुरे ठरते.

रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले आणि पुढे पुराणकथनावर उदरनिर्वाह करीत वर्षानुवर्षे फिरत राहिले. रमाबाईंना आईने शिकविले. पहाटे, दिवसाचा कामाचा पसारा सुरू होण्यापूर्वी, त्या मुलीला मांडीवर घेऊन श्लोक म्हणवून घेत. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले ते असे, पुस्तकाविना आणि शाळेविना.

१८७० नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत या कुटुंबाची वाताहत झाली. १८७४ मध्ये अल्प अंतराने वडील आणि आई यांचे निधन झाले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमाबाई, देशभर पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली.

३. कलकत्ता ते पुणे

कलकत्त्यातील पंडितांनी या विशीतील तरुणीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच नगरात ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदाध्ययनास उद्युक्त केले आणि येथेच एका ख्रिस्ती मेळाव्यात त्यांच्या हाती संस्कृत बायबलही आले. धर्मशास्त्रांचा अभ्यास जसजसा वाढला तसतशी स्त्रिया व शूद्र यांच्यासंबंधीची त्यांतील वचने रमाबाईंना अस्वस्थ करू लागली. ज्या ग्रंथांवर त्यांचे पांडित्य उभे होते, त्याच ग्रंथांत आपल्याला स्थान नाही, ही जाणीव त्यांच्या पुढील वैचारिक प्रवासाच्या मुळाशी आहे.

१८८० मध्ये बंधू श्रीनिवास यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. या दांपत्याचा संसार आसामातील सिल्चर येथे झाला. १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये बिपिनबाबू पटकीने वारले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर रमाबाई विधवा झाल्या.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे आदी सुधारकांच्या पाठिंब्याने त्यांनी १८८२ मध्ये आर्य महिला समाजाची स्थापना केली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे त्यांचे पहिले मराठी पुस्तक याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांनी मराठीत साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री-शिक्षिका प्रशिक्षित कराव्यात, शाळा-तपासणीसाठी स्त्री-निरीक्षक नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे, या त्यांच्या प्रमुख सूचना होत्या. धर्मांतरापूर्वीच त्यांचा शिक्षणविचार किती स्पष्ट झाला होता, हे या साक्षीवरून कळते.

४. इंग्लंड : श्रद्धेचा स्वीकार आणि विवेकाचा आग्रह

पुण्यात रमाबाई मिस हरफर्ड या शिक्षिकेकडे इंग्रजी शिकत आणि त्यांच्यासोबत मराठी ‘नवा करार’ वाचीत. स्वतः धर्मांतर केलेले विद्वान नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्याशीही त्यांची चर्चा होई. वैद्यक शिकण्याच्या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ‘स्त्रीधर्मनीति’च्या विक्रीतून आलेले पैसे या प्रवासाच्या कामी आले. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघाने त्यांना आश्रय दिला. मात्र श्रवणदोषामुळे वैद्यकशिक्षणाचा विचार सोडावा लागला आणि अध्यापन हेच त्यांचे जीवितकार्य ठरले.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामागे ग्रंथवाचन होतेच. परंतु एका प्रत्यक्ष अनुभवाचा त्यात मोठा वाटा होता. याच संघाच्या भगिनी फुलम येथे ‘पतित’ मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवीत. समाजाने टाकलेल्या स्त्रीला प्रेमाने जवळ करून पुन्हा उभे करता येते, हे रमाबाईंनी तेथे पाहिले. या वृत्तीचा उगम त्यांना ख्रिस्ताने शोमरोनी स्त्रीशी केलेल्या संवादात दिसला. म्हणजे ख्रिस्ती श्रद्धा त्यांना प्रथम भावली ती टाकून दिलेल्या माणसाला पुन्हा घडविणाऱ्या शक्तीच्या रूपात. एका शिक्षिकेने धर्माकडे टाकलेला हा दृष्टिक्षेप होता, असे म्हणता येईल.

१८८४ पासून चेल्टनहॅम येथील लेडीज कॉलेजात त्या इंग्रजी, गणित व निसर्गविज्ञान शिकू लागल्या आणि संस्कृत शिकवू लागल्या. प्राचार्या डोरोथिया बील यांच्या रूपाने त्यांना समंजस मार्गदर्शक लाभल्या. पण येथूनच चर्चशी त्यांचे मतभेदही सुरू झाले. ख्रिस्ताचे ईश्वरत्व, त्रैक्याचा सिद्धान्त, मतप्रतिज्ञांतील काही विधाने यांविषयी त्यांनी प्रश्न विचारले. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांच्या धर्ममाता झालेल्या सिस्टर जेराल्डिन यांना हे प्रश्न अहंकाराचे द्योतक वाटले. त्यांच्या मते नवदीक्षिताने प्रथम आज्ञापालन शिकावे. रमाबाईंचे म्हणणे असे की, एका पुरोहितशाहीचे जोखड मानेवरून उतरविल्यावर दुसरे चढविण्यासाठी आपण ख्रिस्ती झालेलो नाही. ईश्वराने दिलेली विवेकबुद्धी कोणा अधिकाऱ्याच्या स्वाधीन करणे हा त्या देणगीचा अनादर आहे.

या वादात अध्यापनाचा प्रश्नही आला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे, अशी योजना पुढे येताच हिंदुस्थानातील बिशपांनी तिला हरकत घेतली. अशाने भारतीय समाजात त्यांची प्रतिष्ठा जाईल, असे त्यांचे मत होते. ज्या स्त्रीने कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभांपुढे व्याख्याने दिली होती, तिला स्वदेशातील रीतिरिवाज परक्यांनी समजावून सांगावेत, हे रमाबाईंना विपरीत वाटले आणि त्यांनी तसे स्पष्ट कळविले.

भाषेचा विद्यार्थी म्हणून आपण आणखी एका प्रसंगाची नोंद घ्यावी. क्रुसावर लॅटिन अक्षरे असण्याचा विषय निघाला, तेव्हा रमाबाईंनी संस्कृतचा आग्रह धरला. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून पवित्र आहे, असा त्यांचा दावा नव्हता; ती आपल्या देशाची प्राचीन आणि सुंदर भाषा आहे, एवढेच त्यांचे कारण होते. श्रद्धा बदलली म्हणून भाषा व संस्कृती यांचा त्याग करावा लागत नाही, ही भूमिका त्यांनी पुढेही सोडली नाही. आहार, पोशाख, भाषा या बाबतींत त्या अखेरपर्यंत भारतीयच राहिल्या.

५. शारदा सदन

आनंदीबाई जोशी या रमाबाईंच्या नात्यातील होत्या. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना मार्च १८८६ मध्ये पदवी मिळणार होती. अधिष्ठाता डॉ. रेचल बॉडली यांच्या निमंत्रणावरून रमाबाई या समारंभास गेल्या आणि अमेरिकेत सुमारे अडीच वर्षे राहिल्या. तेथे त्यांनी फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा रीतसर अभ्यास केला. खेळ, वस्तू आणि निरीक्षण यांच्या साहाय्याने शिकविण्याची ही पद्धत पाठांतरावर वाढलेल्या या पंडितेला आकर्षक वाटावी, हे लक्षणीय आहे. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन होऊन नियोजित शाळेस दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे ठरले. या प्रवासाचे फलित म्हणून १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा मराठी ग्रंथ आला. मराठी प्रवासवर्णनाच्या अभ्यासात त्याचे स्थान महत्त्वाचे आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदनाची स्थापना झाली. उद्घाटन समारंभाचे अध्यक्षस्थान लेखिका काशीबाई कानिटकर यांनी भूषविले. उच्चवर्णीय बालविधवांना शिकवून स्वावलंबी करणे, विशेषतः त्यांच्यातून शिक्षिका तयार करणे, हा सदनाचा उद्देश होता. येथे दाखल झालेल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. महाराष्ट्रातील स्त्री-शिक्षणाच्या या दोन प्रवाहांना जोडणारा दुवा म्हणून गोदूबाईंकडे, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्व्यांकडे, पाहावे लागते.

सदन धर्मनिरपेक्ष राहील, असे आश्वासन रमाबाईंनी दिले होते. वर्गात कोणत्याही धर्माचे शिक्षण द्यावयाचे नाही. विद्यार्थिनींनी आपापले आचार पाळावेत. ग्रंथालयातील कोणताही ग्रंथ वाचण्यास मोकळीक असावी, असे हे धोरण होते. या हमीच्या बळावरच रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळात आले. १८९० मध्ये सदन पुण्यास हलविण्यात आले.

६. १८९३ चा वाद

आता आपण या घटकाच्या मध्यवर्ती प्रश्नापाशी आलो आहोत. पुण्यात रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. हळूहळू काही मुली आपणहून तेथे येऊन बसू लागल्या. काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होत असल्याची चर्चा सुरू झाली. ‘केसरी’ने सदनावर कठोर टीका केली. सल्लागार मंडळातील सुधारकही अस्वस्थ झाले आणि ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आदींनी सदनाशी असलेला संबंध सोडला. पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या.

दोन्ही पक्षांची बाजू शांतपणे समजून घेणे आवश्यक आहे. सुधारकांचे म्हणणे असे : ज्या मुली अल्पवयीन आहेत, ज्यांना घरी थारा नाही, ज्या सर्वार्थाने संचालिकेवर अवलंबून आहेत, त्यांच्या बाबतीत उघडे दार हेही आमंत्रणच असते. वर्गात धर्म शिकवीत नाही, एवढ्याने तटस्थता सिद्ध होत नाही. आदरणीय शिक्षिकेचे आचरण हाच मोठा पाठ असतो. शिवाय अशा वार्तांमुळे स्त्री-शिक्षणालाच विरोध वाढेल, ही भीती होती आणि ती निराधार नव्हती.

रमाबाईंची बाजू अशी : आपण कोणाला बोलावलेले नाही आणि कोणाला अडविणारही नाही. इतर मुली आपल्या खोलीत देवपूजा करतात, तसा मलाही माझ्या घरात प्रार्थनेचा अधिकार आहे. दार लावून घेणे म्हणजे आपल्या श्रद्धेची लाज वाटत असल्याचे दाखविणे होईल. विधवेला विचार करण्यास शिकवावयाचे आणि विचारान्ती तिने कोणत्या निष्कर्षास यावे हे मात्र आपण ठरवावयाचे, हे शिक्षण नव्हे.

इंग्लंडमध्ये सिस्टर जेराल्डिन यांच्यापुढे ज्या तत्त्वाचा आधार रमाबाईंनी घेतला, तेच तत्त्व त्या येथेही सांगत होत्या. परंतु परिस्थिती सारखी नव्हती, हे आपण नोंदवावयास हवे. चेल्टनहॅमची रमाबाई ही तिशीकडे झुकणारी, अनेक शास्त्रे जाणणारी, देशभर हिंडलेली स्त्री होती. सदनातील बालविधवेपाशी यांपैकी काहीच नव्हते. विवेकस्वातंत्र्याचा हक्क दोघींनाही होता. तो वापरण्याचे सामर्थ्य सारखे नव्हते. दुसऱ्या बाजूने असेही विचारता येईल की, ज्या घरांनी या मुलींचे केशवपन केले आणि त्यांना कोपऱ्यात बसविले, त्या घरांची धर्मसत्ता तेवढी निर्दोष कशी मानावयाची? त्या मुलींना स्वतःला काय हवे आहे, हा प्रश्न वृत्तपत्री वादात फारसा विचारला गेला नाही. या वादाचा एका वाक्यात निकाल लावणे म्हणूनच कठीण आहे. पुढील काळात सदनातील काही विद्यार्थिनींनी बाप्तिस्मा घेतला, ही वस्तुस्थिती आहे. आणि गोदूबाईंसारख्या स्त्रिया हिंदू राहून सदनाचे ऋण मानीत राहिल्या, हीसुद्धा वस्तुस्थिती आहे.

आपली प्रगती तपासा : शिक्षकाने आपली श्रद्धा विद्यार्थ्यांपासून लपवावी, की ती उघड ठेवूनही त्यांचे स्वातंत्र्य राखता येते? १८९३ च्या वादाच्या आधारे आपले मत दहा ओळींत लिहा.

७. केडगाव : मुक्ती

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. बालपणी स्वतः अनुभवलेली उपासमार त्यांना येथे पुन्हा दिसली असावी. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ आली आणि मुलींना शहराबाहेर हलवावे लागले. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर ‘मुक्ती’ची वसाहत उभी राहिली. १८९८ मध्ये असोसिएशनच्या दहा वर्षांच्या साहाय्याची मुदत संपली आणि यापुढचे कार्य रमाबाईंनी उघडपणे ख्रिस्ती कार्य म्हणूनच चालविले. तटस्थतेचे आश्वासन व निष्ठेची अभिव्यक्ती यांतील ओढाताण त्यांनी अशा रीतीने संपविली. १९०० च्या दुष्काळानंतर, गुजरातेतून आणलेल्या स्त्रियांसह, येथील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली.

एवढ्या स्त्रियांना शिकवावयाचे कोणी? ज्या आधी शिकल्या त्यांनी नंतर आलेल्यांना शिकवावे, ही व्यवस्था येथे रुजली. अक्षरओळखीबरोबर शेती, विणकाम, शिवण, दुग्धव्यवसाय, तेलाचा घाणा, छपाई अशी कामे शिकविली जात. अंध स्त्रियांसाठी ब्रेल लिपीतून शिक्षण सुरू झाले. कृपा सदन, प्रीती सदन अशा निरनिराळ्या विभागांत निरनिराळ्या गरजांच्या स्त्रियांची सोय होती. शारदा सदनाची मर्यादा उच्चवर्णीय विधवांपुरती होती. केडगावला ती गळून पडली. जात, प्रांत, शरीरावस्था यांपैकी कशाचाही अडसर शिकण्याला राहिला नाही. दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेली स्त्री काही वर्षांत छापखान्यात खिळे जुळवीत असे. रमाबाईंच्या श्रद्धेचा सर्वांत बोलका पुरावा म्हणून याकडे पाहता येते.

८. बायबलचे सोपे मराठी

आयुष्याची अखेरची पंधराएक वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. मराठीत ख्रिस्ती साहित्याची परंपरा जुनी आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. श्रीरामपूरहून विल्यम कॅरी यांनी १८११ मध्ये मराठी ‘नवा करार’ प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या काळी संपूर्ण मराठी बायबल उपलब्ध होते. मग नव्या भाषांतराची गरज का वाटली?

याचे उत्तर वर्गात सापडते. प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर होती. ती रमाबाईंना अवघड जाण्याचे कारण नव्हते. अवघड जात होती ती नुकतीच अक्षरे शिकलेल्या शेतकरी-कष्टकरी घरांतील स्त्रियांना. त्यांच्यासाठी त्यांनी साध्या बोलीच्या जवळ जाणारी मराठी निवडली. दुसरे कारण अर्थाचे होते. शब्द आपला पूर्वेतिहास बरोबर घेऊन येतो. उदाहरणार्थ, ‘अवतार’ हा शब्द उच्चारताच मराठी श्रोत्याच्या मनात दशावतार उभे राहतात. अन्य धर्माची कल्पना त्या शब्दाने सांगू पाहिल्यास श्रोता ती आपल्या परिचित साच्यात घालूनच समजून घेतो. हिंदू शास्त्रांचा सखोल परिचय असल्यामुळे रमाबाईंना अशा शब्दांचे वजन अचूक कळत असे. म्हणून हिंदू दर्शनांच्या व पुराणांच्या अर्थच्छटा असलेले शब्द टाळण्याकडे त्यांचा कल राहिला. मूळ ग्रंथाशी प्रामाणिक राहण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या.

भाषाशास्त्रीय दृष्टीने पाहता या भाषांतरात दोन ओढी दिसतात : एक वाचकाच्या बोलीकडे, दुसरी मूळ ग्रंथाच्या शब्दाकडे. मुळाला शब्दशः चिकटून राहिल्याने काही ठिकाणी वाक्यरचना ताठर होते, तर बोलीकडे वळल्याने इतरत्र ती मोकळी वाटते. या भाषांतराने प्रचलित बायबलची जागा घेतली नाही. तरीही एका स्त्रीने मूळ भाषांतून केलेले, स्त्रियांच्याच हातांनी जुळविलेले व छापलेले हे मराठी बायबल भाषांतराच्या इतिहासात अपूर्व ठरते. गंमत अशी की, संस्कृतचा भार उतरवू पाहणाऱ्या या विदुषीने आपल्या संस्थांना शारदा, कृपा, प्रीती, मुक्ती ही नावे दिली. भाषा बदलता येते. तिच्यात रुजलेले मन मात्र सहजी बदलत नाही.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. आईच्या कार्याची धुरा पुढे वाहणारी ही एकुलती कन्या होती. या आघातानंतरही रमाबाईंचे भाषांतराचे काम थांबले नाही. अखेरच्या दिवसांपर्यंत त्या मुद्रिते तपासत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचा मृत्यू झाला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.

९. समारोप

रमाबाईंच्या जीवनात श्रद्धा आणि अध्यापन यांचा प्रवास एकमेकांना धरून झाला. वडिलांकडून त्यांनी शिकविण्याचे धैर्य घेतले, आईकडून शिकविण्याची चिकाटी घेतली; ख्रिस्ती श्रद्धेने त्या दोहोंना टाकून दिलेल्या स्त्रीपर्यंत नेले. ज्या काळी धर्मांतर म्हणजे समाजाशी पूर्ण विच्छेद मानला जाई, त्या काळी त्यांनी श्रद्धा बदलूनही आपला समाज, आपली भाषा आणि आपल्या भगिनी यांच्याशी नाते राखले. त्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागली : चर्चला त्या फार स्वतंत्र वाटल्या, समाजाला फार ख्रिस्ती.

शिक्षकाच्या अधिकाराची सीमा कोठे आखावी, हा प्रश्न त्यांच्या चरित्रात पूर्णपणे सुटत नाही. परंतु त्याचा विचार करताना त्यांच्या अखेरच्या कामाकडे लक्ष द्यावे. सर्व शास्त्रे मुखोद्गत असणारी ही पंडिता आयुष्याच्या शेवटी शिकणाऱ्या स्त्रीच्या भाषेत उतरली. ग्रंथ समजावून सांगणाऱ्याची गरज न राहता तो तिला स्वतः वाचता यावा, यासाठी हा खटाटोप होता. ज्याला स्वतः वाचता येते त्याला होकार देता येतो, त्याचप्रमाणे नकारही देता येतो. इंग्लंडमध्ये स्वतःसाठी मागितलेला हा अधिकार रमाबाईंनी आपल्या विद्यार्थिनींच्या हाती ठेवला तो सोप्या मराठीच्या रूपाने.

स्वाध्याय

१. अनंतशास्त्री व लक्ष्मीबाई यांच्याकडून रमाबाईंना लाभलेल्या शैक्षणिक संस्कारांचे स्वरूप स्पष्ट करा.
२. इंग्लंडमधील वास्तव्यात चर्चशी झालेल्या रमाबाईंच्या मतभेदांची कारणे सांगा.
३. शारदा सदन व मुक्ती या दोन संस्थांच्या धोरणांची तुलना करा.
४. ‘शब्द आपला पूर्वेतिहास बरोबर घेऊन येतो.’ या विधानाच्या आधारे रमाबाईंच्या भाषांतरविषयक भूमिकेची चर्चा करा.
५. आपल्या परिसरातील एखाद्या प्रौढ नवसाक्षर व्यक्तीला एक परिच्छेद वाचून दाखवा. तिला अडलेले शब्द नोंदवून तो परिच्छेद तिच्या बोलीत पुन्हा लिहा.